लेस्टर ते वांगणी, व्हाया मनोर



लेस्टरहून परत आल्यापासून भेटेल ती मैत्रीण दोनच गोष्टी विचारते. तिकडे चौविहार कसा जमला, आणि काय काय आणलं. दुसऱ्याचं उत्तर एका ओळीचं आहे: नातीने निवडलेली चॉकलेटं, जावयांनी ह्यांना घेतलेली गरम बंडी, आणि गुडघ्याचे दोन पट्टे. चॉकलेटांच्या पाठीवरची बारीक अक्षरं मी चष्मा लावून वाचली. जिलेटिन नको आणि ई१२० नको, कारण तो लाल रंग किड्यांपासून काढतात. एवढं पाहिलं की निम्मं दुकान बाद होतं.

चौविहाराचं मात्र थोडं सांगायला हवं. आम्ही मार्चअखेरीस गेलो तेव्हा तिथे सूर्यास्त साडेसातच्या सुमाराला होता. मग तो रोज दीड-दोन मिनिटांनी पुढे सरकत गेला. मे संपत आला तेव्हा सव्वानऊपर्यंत उजेड, आणि पहाटे पाचच्या आत सूर्य वर. सोळा तासांहून मोठा दिवस. लेक म्हणायची, "आई, तुझी मजाच आहे, नऊ वाजता जेव." पण ज्या पोटाला सहाची सवय, ते नऊला कसलं मागतं? मी सातला जेवून पच्चक्खाण घ्यायची आणि मग दोन तास खिडकीतून तो न मावळणारा सूर्य बघत बसायची. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १८६३ सालच्या जुन्या चर्चच्या इमारतीत जैन सेंटर आहे. १९८८ साली तिथे प्रतिष्ठा झाली. मंदिरमार्गी, दिगंबर, स्थानकवासी सगळ्यांची जागा एकाच छपराखाली. आम्ही स्थानकवासी, त्यामुळे मूर्तीपुढे काही करायचं नव्हतं, पण रंगीत काचांच्या खिडक्यांवर महावीर स्वामींचं जीवन पाहत सामायिक बरं लागायचं. नाशिकच्या स्थानकात पंख्याचा आवाज असतो, तिथे हीटरचा. एवढाच फरक.

परतीच्या विमानात गंमत झाली. सकाळी लंडनहून निघालो आणि विमान पूर्वेकडे, म्हणजे सूर्याच्या उलट्या दिशेने पळत होतं. घड्याळ मी मुद्दाम बदललं नव्हतं. त्यात जेमतेम चार वाजून गेले होते आणि खिडकीबाहेर सूर्य बुडाला. सकाळी सोळा तासांच्या दिवसात उठलेली बाई दुपारी चारला सूर्यास्त बघत होती. जैन जेवण आधीच येऊन गेलं होतं. मी उरलेलं पाणी संपवलं आणि नवकार म्हणून डोळे मिटले. ह्यांचं गोळ्यांमुळे तिविहार असतं, त्यांना पाणी चालतं.

आता मुख्य गोष्ट. मला सांगायचंय ते बोरिवली ते वांगणी या बसच्या प्रवासाबद्दल. आणि ते का सांगायचंय हे कळायला एक वही मध्ये आणावी लागेल.

श्रावकाच्या बारा व्रतांतलं सहावं दिशा परिमाण व्रत. चार दिशा, वर आणि खाली, यांत आपण किती अंतरापर्यंत जाऊ हे ठरवायचं आणि त्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही. आपण जिथे जातो तिथे आपल्यामुळे हिंसा होते, लोभ वाढतो, म्हणून आधी जाण्याचीच हद्द आखायची. मी बी.कॉम. आहे, नाशिकच्या बीवायके कॉलेजची. बाराही व्रतांत मला हे सर्वांत जवळचं वाटतं, कारण ते सरळ अंदाजपत्रक आहे. उपासकदशांग सूत्रातल्या आनंद श्रावकाने तर गाड्यांचीसुद्धा मर्यादा घातली होती: परगावी जाणारे पाचशे गाडे, जवळच्या वाहतुकीचे पाचशे. आपल्याला आकडा मोठा वाटतो, पण पाचशे एकावा गाडा त्याला नको होता, मुद्दा तो आहे.

या व्रताचे पाच अतिचार सांगितलेत. त्यातला चौथा क्षेत्रवृद्धी. म्हणजे पूर्वेची शंभर कोसांची मर्यादा कमी करून तेवढे कोस पश्चिमेला वाढवून घ्यायचे. बेरीज तीच, पण चालत नाही. महासतीजींनी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी हसले. आम्हाला कॉलेजात हेच शिकवलं होतं, एका खात्यावर मंजूर झालेली रक्कम दुसऱ्या खात्याकडे वळवता येत नाही.

मी दरवर्षी संवत्सरीला वर्षापुरती मर्यादा घेते आणि एका वहीत लिहिते. गेल्या संवत्सरीला लेस्टरचं ठरत आलं होतं, म्हणून पश्चिमेला ७,५०० किलोमीटर लिहिलं. वर १२ किलोमीटर, कारण विमान साधारण अकरावर उडतं. खाली १०० मीटर, कारण लेकीने सांगितलं होतं की लंडनला भुयारी रेल्वेने फिरायचंय. ह्यांनी वही वाचून विचारलं, "पाताळात पण तिकीट काढलंस का?"

आता चौसष्ट संपून पासष्टावं लागेल. आमच्या घरात बायका या वयाला व्रत वर्षाचं घेत नाहीत, आजीवन घेतात. सासूबाईंनी साठीत घेतलं होतं, वांगणीपासून चारी दिशांना शंभर कोस. एक कोस म्हणजे तीन किलोमीटरच्या थोडं वर. १९८७ साली त्यांची सख्खी धाकटी बहीण मद्रासला गेली. तार आली. दीर म्हणाले, आई, दुःखाच्या वेळी कोण मोजतं? सासूबाई काही बोलल्या नाहीत. आसन घालून बसल्या आणि लागोपाठ तीन सामायिकं केली. अडीच तास. उठल्या, मला म्हणाल्या, दूध तापवलंस का. मी तेव्हा नवी होते. ती पाठ अजून दिसते मला.

म्हणजे आकडा लिहायचा तर विचार करून. लेक लेस्टरला, नात पाच वर्षांची. पश्चिमेला किती लिहायचं, हे कोडं मी दोन महिने डोक्यात घेऊन फिरत होते आणि कुणाशी बोलले नव्हते.

विमान मध्यरात्रीच्या आधी उतरलं. बोरिवलीला पुतण्याकडे पोचायला दोन वाजले. सकाळी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी पारून चहा घेतला. पुतण्या म्हणाला, "काकू, गाडी करून देतो, तुम्ही दोघं एवढ्या बॅगा घेऊन एसटीने कुठे जाता?" ह्यांनी नको म्हटलं. बायकांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि ह्यांना पासष्टच्या वरचे म्हणून अर्धं. दोघांत मिळून एक तिकीट. ह्यांना या हिशेबाचा जो आनंद होतो, तो विमानातल्या खिडकीच्या जागेचाही झाला नव्हता.

पुतण्याच्या बायकोने ठेपले बांधून दिले, कोरडी चटणी दिली आणि पाणी उकळून स्टीलच्या तीन बाटल्या भरल्या. उन्हाळ्यात उकळलेलं पाणी पाच प्रहर चालतं, म्हणजे पंधरा तास. पहाटे पाचला उकळलेलं रात्री आठपर्यंत. मला तर सूर्यास्तापर्यंतच हवं होतं, सात वाजून आठ-दहा मिनिटं. बाटल्या भरताना मनात आलं, मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यात वैतरणेचा वाटा मोठा. मध्य वैतरणा धरण तर मोखाड्याच्या हद्दीत. या बाटल्यांत थोडं तरी आमच्या डोंगरातलं पाणी असणार. ते नळाने खाली आलं, आता बाटलीतून वर चाललंय. आणि मे महिन्यात आमच्याकडच्या बायका त्याच पाण्यासाठी डोक्यावर हंडे घेऊन टेकडी उतरतात. यावर मी जास्त लिहीत नाही, लिहायला लागले तर पान पुरायचं नाही.

साडेआठला महामार्गाची गाडी मिळाली. मनोरपर्यंत ती, मनोरहून जव्हारची दुसरी, जव्हारहून जीप. एक खुलासा: आमचं वांगणी म्हणजे बदलापूर आणि शेलूच्या मधलं रेल्वे स्टेशन नव्हे. तसं असतं तर दीड तासात घरी असते. या नावाने आमची पार्सलं तिकडे फिरून आलेली आहेत. विमानातही शेजारच्या बाई म्हणाल्या, "वांगणी? म्हणजे कर्जत लोकल ना?" आमचं वांगणी जव्हारच्या डोंगरातलं. बोरिवलीपासून जव्हार सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर, मग पुढे गाव.

वसईच्या खाडीच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. रस्त्याचं काम चाललं होतं, एका बाजूने सगळी वाहतूक. ऊन पत्र्यावर आदळत होतं. पुढच्या बाकावरच्या मुलाने गाणी लावली, मग त्याची बॅटरी संपली. डावीकडे पाहते तर रस्त्याच्या कडेने चार साध्वीजी चालल्या होत्या. पांढरी वस्त्रं, अनवाणी, बरोबर एक बाई चाकांच्या गाडीवर सामान ढकलत. चातुर्मासाच्या गावी पोचायचं म्हणून या दिवसांत विहार असतोच. बघता बघता त्यांनी आमच्या गाडीला मागे टाकलं. आम्ही दहा हात पुढे गेलो की त्या शंभर हात. मी जागेवरूनच वंदना केली. शेजारच्या माणसाने विचारलं, "ह्या गाडीत का बसत नाहीत?" मी म्हटलं, "बसत नाहीत." त्याने गाडीकडे, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर आहे, आज तरी."

१८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं बोलावणं आत्मारामजी महाराजांना आलं होतं. साधूला वाहन वर्ज्य, समुद्र कसा ओलांडणार? म्हणून श्रावक वीरचंद राघवजी गांधी गेले, महुव्याचे, वय २९. साधूंचं व्रत त्यांना थांबवतं आणि श्रावकाचं व्रत त्याला एका आकड्यापर्यंत जाऊ देतं. हे मी गाडीत बसून घोळवत होते. तो आकडा आपणच ठरवायचा, तिथेच तर सगळी पंचाईत.

मनोरला दीड वाजला. स्थानकावर सावली कमी आणि माणसं जास्त. सगळीकडे गाठोडी: गोधड्या, पातेली, पत्र्याचा डबा, कोंबडीची टोपली, एका गाठोड्यावर सायकलचं चाक. वीटभट्ट्या बंद होऊन लोक घरी निघाले होते. दिवाळी झाली की आमच्या जव्हार-मोखाड्यातली कुटुंबंच्या कुटुंबं वसई, भिवंडी, पालघरच्या भट्ट्यांवर जातात, काही गुजरातेत. पावसाच्या तोंडावर परततात. आमच्या दोन चाकांच्या बॅगा त्या गाठोड्यांमध्ये उभ्या राहिल्या तेव्हा सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. प्रत्येकी २३ किलो, विमानतळावर तोलून घेतलेल्या. दोन महिन्यांच्या सुट्टीचा आमचा परिग्रह ४६ किलो आणि सात महिन्यांच्या बिऱ्हाडाचा त्यांचा किती, ते तोलायला तिथे काटा नव्हता.

"शेठाणी!" कोणीतरी हाक मारली.

आमच्याच गावची. चाळिशी ओलांडलेली, कडेवर नातू. तिचं नाव आमच्या दुकानाच्या वहीत आहे, इथे लिहीत नाही. रात्री टेम्पोने त्यांना मनोरला सोडलं होतं. स्थानकावरच झोपली होती मंडळी. सकाळच्या गाड्या भरून गेल्या, म्हणून अजून तिथेच.

"कुठं गेली होती शेठाणी, एवढा बोजा घेऊन?"

"लेकीकडे."

"कुठं दिली लेक?"

"इंग्लंडला. लंडनच्या पुढे."

"लांब आहे का?"

मी म्हटलं, "विमानाने नऊ तास."

ती हसली. "मग जवळच. आमाला कालपासून मनोरच सुटंना."

मी ठेपले काढले. तिच्या नातवाने एक खाल्ला, दुसरा हातात धरून ठेवला. तिने पळसाच्या पानातली करवंदं पुढे केली, ती ह्यांनी खाल्ली. पावणेतीनला जव्हारची गाडी लागली. गाठोडी, कोंबड्या, आमच्या बॅगा, सगळं एकमेकांवर चढलं. ती माझ्या शेजारी बसली आणि नातू दोघींच्या मध्ये.

विक्रमगडपर्यंत ती झोपली होती. पुढे चढ लागला तशी जागी झाली. दोन्ही बाजूंना राब भाजलेली शेतं, काळे चौकोन, राखेचा वास खिडकीतून आत. पहिला पाऊस पडला की त्याच राखेत नागली आणि वरी पेरतील. मधल्या एका वळणावर मालाचा ट्रक कलंडला होता. गाडी उभी राहिली ती तासभर. माझी नजर सारखी सूर्याकडे. ह्यांनी विचारलं, "इथेच खाऊन घेतेस का?" मी म्हटलं, "अजून आहे वेळ." ठेपले चार उरले होते आणि पाण्याची एक बाटली.

तेव्हा ती बोलायला लागली. तिची मोठी मुलगी जावयाबरोबर गुजरातेत भट्टीवर गेलीये, सुरतेच्या पलीकडे. दिवाळीनंतर भेट नाही. हा कडेवरचा नातू तिचाच, आजीजवळ ठेवून गेली. फोन आहे, पण लागत नाही. तिकडची भट्टी बंद झाली का, ती निघाली का, काही कळत नाही.

"तुझी लेक फोनवर दिसते का गं, तोंड दिसतं का?"

"रोज दिसतं," मी म्हटलं.

"बरं आहे," ती म्हणाली.

माझ्या डोक्यात हिशेब चालूच होता. सुरतेच्या पलीकडे म्हणजे आमच्यापासून फार तर दोनशे-अडीचशे किलोमीटर. सासूबाईंच्या शंभर कोसांत ती मुलगी आरामात बसते. मद्रास बसलं नाही, ती बसते. आणि तिच्या आईला ती दिवाळीपासून दिसलेली नाही.

मी हे गाव पहिल्यांदा पाहिलं ते लग्न होऊन आले तेव्हा. १९९२ साली वावर-वांगणीचं नाव सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. कुपोषणाने आदिवासी मुलं गेली. मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आतलं गाव, पण पावसात रस्ता नसायचा, दवाखान्यापर्यंत पोचणंच कठीण. नंतर गाड्या आल्या, साहेब आले, फोटो आले. माझी लेक तेव्हा चार वर्षांची होती. आज लेस्टरला जी आहे तीच. माझ्या शेजारी बसलेली बाई तेव्हा दहा-अकराची असेल. तिचा धाकटा भाऊ त्या पावसाळ्यात गेला. हे मला तिने सांगितलेलं नाही, मला ते माहीतच आहे. गावात राहिलं की काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत. नातू तिच्या मांडीवर झोपला होता, मुठीत अर्धा ठेपला.

"शेठांना सांग," ती म्हणाली, "बाकी देते. पण सगळी नाही. भट्टीवाल्यानं उचल कापून घेतली, हातात थोडंच आलं."

हे पुढच्या बाकावरून ऐकत होते. मागे न वळता म्हणाले, "पेरणी होऊ दे आधी."

दुकानाची वही मी लिहिते, लग्नानंतर दोन वर्षांनी सासऱ्यांनी माझ्या हातात दिली. श्रावण-भाद्रपदात घराघरातला दाणा संपतो तेव्हा वहीची पानं भरतात. उन्हाळ्यात ती भरपाई होते. दिवाळीत मुकादमाकडून उचल घेतात, त्यातली काही आमच्या वहीत जमा होते. मग ती उचल फेडायला सात महिने हजारावर मोजून विटा पाडायच्या. द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक जमेला कुठेतरी नावे असतंच. आमच्या वहीतली जमा कुणाच्या वहीत नावे पडते, हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. पाचवं व्रत परिग्रहाचं आणि सहावं दिशेचं, दोन्ही शेजारी का ठेवलीत, हे त्या चढावर ट्रक सरकायची वाट बघताना मला जास्त स्पष्ट दिसलं.

जव्हार आलं तेव्हा पावणेसहा झाले होते. तिथे हवा बदलते. खालच्या घामावर तो वारा लागला की आपण घरी आलो असं वाटतं, मग घर अजून तासभर लांब का असेना. जीपवाल्याने बॅगा टपावर बांधल्या, गाठोडीही. आत आम्ही सोळा जण, मी मोजले. सहा पस्तीसला वांगणीत उतरलो. सकाळी साडेआठला निघालेले, दहा तास पाच मिनिटं. विमानापेक्षा एक तास जास्त.

कुलूप उघडून आधी हातपाय धुतले. चूल पेटवायला वेळ नव्हता. दोन महिने बंद घरात पीठ-डाळी पाहून, निवडून घेतल्याशिवाय वापरता येत नाहीत. पायरीवर बसून आम्ही दोन-दोन ठेपले खाल्ले. शेवटची बाटली दोघांत संपवली. सात वाजता मी पच्चक्खाण घेतलं. समोरून ती नातवाला घेऊन पाड्याकडे निघाली होती, मोठं गाठोडं नवऱ्याच्या डोक्यावर. लेकीचा फोन आला. नातीचा चेहरा पडद्यावर. तिच्याकडे दुपारचे अडीच. "आजी, तू जेवलीस? इथे तर अजून ऊन आहे."

रात्री ह्यांना मी पहिल्यांदा आकड्याचं सांगितलं. म्हटलं, या चातुर्मासात आजीवन घ्यायचंय, पश्चिमेला काय लिहू? हे म्हणाले, "मोकळी ठेव." मोकळी ठेवली तर व्रत कसलं? "मग लेस्टरपर्यंत लिही." म्हटलं, तेवढं लिहिलं तर दरवर्षी जाता येईल, मग मर्यादा कसली. हे कंटाळून झोपले. मी अजून लेस्टरच्या वेळेवर होते, मला झोप कुठली.

दहा दिवसांनी मृगाचा पहिला पाऊस झाला, आणि त्याच आठवड्यात तिची मुलगी परत आली. हे मला दुकानात कळलं. ती स्वतः सांगायला आली, मीठ न्यायच्या निमित्ताने. बरोबर मुलगी होती, फार वाळलेली, पण आली होती. नातू आईला ओळखत नव्हता, आजीच्या पदरामागे लपत होता. त्या दिवशीचं मीठ वहीत लिहिलं नाही.

चातुर्मासात नाशिकला महासतीजींसमोर व्रत घेतलं. पूर्वेला सम्मेदशिखरजीपर्यंत, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, उत्तरेला दिल्ली. वर १२ किलोमीटर, खाली १०० मीटर. पश्चिमेच्या ओळीपाशी मी विचारलं, अंतराबरोबर खेपांचीही मर्यादा घालता येते का? महासतीजी म्हणाल्या, जितकं आवळाल तितकं चांगलं, पण एकदा लिहिलं की वाढवायचं नाही. मी लिहिलं: पश्चिमेला ७,५०० किलोमीटर, आयुष्यात दोन वेळा.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, "दोनच?" म्हटलं, दोनच, आणि ही आत्ताची धरून नाही. ती म्हणाली, "मग पहिली कधी?" मी सांगितलं, ती तारीख अजून घातलेली नाही. तोवर तू ये. तुझ्या वहीत अजून कसलीच ओळ नाहीये. आणि येशील तेव्हा जव्हारपर्यंत गाडी करू नकोस, मनोरहून एसटीने ये, तुला आता अर्धं तिकीट आहे.